जुगाराचे ‘बजेट’ : हिशेब नेमका कुठे चुकतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी नवा कायदा केला. लोकसभेने २० तारखेला आणि राज्यसभेने २१ तारखेला विधेयक मंजूर केले, २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणे, या तिन्ही गोष्टींवर या कायद्यात बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वर्षानुवर्षे कोर्टात चाललेला वाद कायद्याने बाजूला ठेवला आणि ‘पैसे लागतात का’ एवढाच प्रश्न विचारला. देशातील सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसते आणि वर्षाला साधारण २० हजार कोटी रुपये त्यात बुडतात, असा अंदाज तेव्हा सरकारच्या वतीने मांडण्यात आला. पाठोपाठ मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि क्रिकेट संघाच्या जर्सीवरचे प्रायोजकाचे नावही उतरले. कंपन्यांनी कायद्याला दिलेली आव्हाने सर्वोच्च न्यायालयापुढे गेली आहेत.

कायदा झाला म्हणून हाताची सवय एका रात्रीत सुटत नाही. परदेशातून चालणारे ऑनलाइन कॅसिनो, कुणीतरी पाठवलेली लिंक, दुसऱ्याच्या नावावरचे खाते अशा आडवाटा उरतातच. आणि या आडवाटेवर एक सल्ला हमखास भेटतो : ‘जबाबदारीने खेळा. महिन्याचे बजेट ठरवा. तेवढेच हरा आणि उठा.’ ऐकायला हा सल्ला शहाणपणाचा वाटतो. घरखर्चाचे बजेट असते, सिनेमा-हॉटेलचे असते, तसे जुगाराचेही असायला काय हरकत आहे? वैद्यकशास्त्राकडे या प्रश्नाचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे. ते समजून घ्यायचे तर आधी गणित, मग मेंदू आणि शेवटी घर, अशा क्रमाने जावे लागते.

चार टक्के म्हणजे किती?

ऑनलाइन कॅसिनोतील स्लॉटच्या खेळावर ‘९६ टक्के परतावा’ असे अनेकदा लिहिलेले असते. वाचणाऱ्याला वाटते, शंभर रुपये नेले तर फार तर चार रुपये जातील. इथेच पहिली गफलत होते. हे चार टक्के खिशातल्या रकमेवर मोजायचे नसतात. प्रत्येक डावाला लावलेली रक्कम पुन्हा पुन्हा धरून जी एकूण उलाढाल होते, तिच्यावर ते लागू होतात.

समजा, एकजण प्रत्येक डावाला १० रुपये लावतो आणि दर पाच सेकंदांना एक डाव होतो. तासाला ७२० डाव झाले. उलाढाल ७,२०० रुपये. त्याचे चार टक्के म्हणजे सरासरी २८८ रुपये एका तासात गेले. डाव ५० रुपयांचा केला तर तासाचा सरासरी तोटा १,४४० रुपयांवर जातो. हीसुद्धा सरासरीच. प्रत्यक्षात एखाद्या दिवशी दोन हजार येतात, एखाद्या दिवशी पाच हजार जातात. पण डाव जितके जास्त, तितका हिशेब त्या चार टक्क्यांकडे सरकत जातो. रूलेटच्या युरोपीय चाकावर ३७ घरे असतात आणि एका आकड्यावर लावलेली पैज जिंकली तर नफा ३५ पटच मिळतो. त्यामुळे कॅसिनोचा वाटा २.७ टक्के राहतो. अमेरिकी चाकावर ३८ घरे असल्याने तो ५.२६ टक्के होतो. खेळणारा हुशार असो वा नवखा, हा वाटा बदलत नाही.

यावर तोडगा म्हणून ‘हरलो की पैज दुप्पट करायची, कधीतरी जिंकू आणि सगळे वसूल होईल’ अशी युक्ती सांगितली जाते. लाल-काळ्यावर १०० रुपयांपासून सुरुवात केली आणि सलग आठ डाव हरले, तर २५,५०० रुपये गेलेले असतात आणि नवव्या डावाला २५,६०० रुपये लावावे लागतात. तेही जिंकून हाती उरणार १०० रुपये! सलग आठ वेळा हरणे दुर्मीळ वाटते. ते साधारण दोनशे प्रयत्नांत एकदा घडते. रोज संध्याकाळी ही युक्ती चार-पाच वेळा वापरणाऱ्यावर ती वेळ काही आठवड्यांतच येऊ शकते. चाकाला मागचा आकडा लक्षात राहत नाही, हे पटायला कठीण जाते. १९१३ मध्ये मोंटे कार्लोच्या कॅसिनोत चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला. ‘आता लाल येणारच’ म्हणून लोक पैसे ओतत राहिले आणि बुडाले.

मटक्याला दोन निकाल, मोबाइलला सातशे

जुगार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या मटक्याने गिरणगावातल्या किती पगारांची माती केली, हे जुन्या पिढीला सांगायला नको. तरी मटक्याच्या बाजारात ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ असे दिवसाला दोनच निकाल लागत. मधल्या वेळेत माणूस कामावर जाई, जेवे, झोपे. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जायचे तरी प्रवास आहे, प्रवेश फी आहे, परत यायची वेळ आहे. तिथेही गोवेकरांना खेळायला मज्जाव करण्याचा निर्णय सरकारला २०२० मध्ये घ्यावा लागला. या बोटींचे कायदे वेगळे आहेत. ऑनलाइन खेळांच्या बंदीशी त्यांचा संबंध नाही.

मोबाइलने हे सगळे नैसर्गिक अडथळे काढून टाकले. अंथरुणात, बसमध्ये, रात्रपाळीत, संडासातही कॅसिनो सोबत असतो. तासाला सातशे निकाल. नोटा हाताने मोजून द्याव्या लागत नाहीत, त्यामुळे पैसे गेल्याची बोच लागत नाही. पडद्यावर ‘कॉइन’ दिसतात, रुपये दिसत नाहीत. जिंकलेले पैसे काढायला दोन-तीन दिवस आणि भरायला दोन सेकंद, हा फरकही योगायोगाने पडलेला नसतो.

बजेट ठरवणारा मेंदू आणि खेळणारा मेंदू

बजेट ठरते तेव्हा माणूस शांत असतो. सकाळी चहा पिताना ‘पाचशेच्या वर नाही’ असे तो प्रामाणिकपणे ठरवतो. हा निर्णय मेंदूच्या पुढच्या भागातून येतो. पुढचा-मागचा विचार करणे, मोह आवरणे हे त्या भागाचे काम. रात्री अकरा वाजता पाचशे संपतात तेव्हा मात्र सूत्रे मेंदूच्या आत खोलवर असलेल्या, बक्षिसाची चाहूल लागली की जागे होणाऱ्या यंत्रणेकडे गेलेली असतात. डोपामिन हे रसायन तिथले निरोप्या. बक्षीस नेहमी मिळत असेल तर ही यंत्रणा लवकर कंटाळते. ते कधी मिळेल हे सांगता येत नसेल तर ती सर्वाधिक उत्तेजित राहते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसले होते. दाणा कधी पडेल याचा नेम नसला की कबुतर कळ दाबतच राहते.

त्यात ‘थोडक्यात हुकले’ची भर पडते. तीनपैकी दोन चित्रे जुळली आणि तिसरे एका घराने घसरले, तर गणिताच्या दृष्टीने तो सरळ पराभव. पण केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दाखवून दिले की असे हुकलेले डावही जिंकल्यावर जागे होणाऱ्या भागांना चेतवतात. खेळणाऱ्याला आनंद होत नाही, तरी पुढचा डाव खेळण्याची ओढ वाढते. आणखी एक युक्ती आहे. २० रुपये लावले, ८ रुपये परत आले, तरी पडद्यावर दिवे लागतात आणि संगीत वाजते. १२ रुपयांचा तोटा उत्सवाच्या वेशात समोर येतो.

या रसायनाची ताकद किती, याचा पुरावा डॉक्टरांना वेगळ्याच ठिकाणी मिळाला. पार्किन्सनच्या आजारात दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे डोपामिनसारखे काम करतात. ती सुरू केल्यावर काही रुग्णांना आयुष्यात प्रथमच जुगाराचा अनावर नाद लागल्याचे आढळले. औषध कमी केल्यावर किंवा बदलल्यावर अनेकांचा नाद ओसरला. ॲरिपिप्राझोल या मानसिक आजारावरील औषधाबाबत अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये असाच इशारा दिला. साठ-पासष्ट वर्षांचा, आयुष्यभर काटकसरीने राहिलेला माणूस औषधामुळे जुगाराकडे वळू शकत असेल, तर ‘मनाचा निग्रह कमी पडला’ हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. अशी औषधे चालू असताना नाद जाणवला तर ती स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्टरांना ताबडतोब सांगावे.

मर्यादा कुणी घालायची?

मर्यादेचा अभ्यास झालाच नाही असे नाही. कॅनडात २०२१ मध्ये तज्ज्ञांनी कमी धोक्याच्या जुगाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. घरच्या करपूर्व मासिक उत्पन्नाच्या एक टक्क्याहून जास्त लावू नये, महिन्यात चारपेक्षा जास्त दिवस खेळू नये आणि दोनपेक्षा जास्त प्रकारचे खेळ नियमित खेळू नयेत. तिन्ही अटी एकदम पाळायच्या. ३० हजार रुपये उत्पन्नाच्या घराला हा हिशेब लावला तर महिन्याचे ३०० रुपये होतात. वरच्या गणिताप्रमाणे १० रुपयांच्या स्लॉटवर ही रक्कम सरासरी तासाभरात संपते. म्हणजे ‘महिन्याचे बजेट’ जेमतेम एका संध्याकाळचे आहे. शिवाय ज्याच्यावर कर्ज आहे, ज्याला नैराश्य वा चिंतेचा आजार आहे, दारूचे व्यसन आहे किंवा घरात जुगाराच्या व्यसनाचा इतिहास आहे, त्याच्यासाठी या मर्यादाही सुरक्षित नाहीत.

जिथे ऑनलाइन जुगार कायदेशीर आहे, त्या देशांचा अनुभव इथे बोलका आहे. ब्रिटनने आधी खेळाडूच्या समजूतदारपणावर बरेच सोपवले होते. मग एप्रिल २०२० मध्ये क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यावर बंदी आली. २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटचा डाव अडीच सेकंदांपेक्षा वेगाने फिरवण्यास मनाई झाली. २०२५ मध्ये एका डावाला जास्तीत जास्त पाच पौंड आणि १८ ते २४ वयोगटासाठी दोन पौंड अशी मर्यादा घातली गेली. जर्मनीने २०२१ पासून सगळ्या परवानाधारक कंपन्या मिळून महिन्याला एक हजार युरो भरण्याची सर्वसाधारण मर्यादा ठेवली. स्लॉटच्या एका डावाला एक युरो आणि दोन डावांमध्ये किमान पाच सेकंद हेही बंधन आहे. या सगळ्यात एक समान धागा आहे. ब्रेक खेळणाऱ्याच्या पायाखालून काढून यंत्रात बसवला गेला, कारण खेळणाऱ्याचा ब्रेक नेमका उतारावर लागत नाही.

कंपन्यांच्या उत्पन्नाची रचना पाहिली तर याचे कारण कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील सुमारे १.२ टक्के प्रौढांना जुगाराचा विकार आहे. पण जुगारात हरल्या जाणाऱ्या एकूण पैशांपैकी साधारण ६० टक्के पैसे घातक पातळीवर खेळणाऱ्यांकडून येतात. सगळेच जण बजेटमध्ये राहिले तर या धंद्याचे निम्म्याहून जास्त उत्पन्न जाईल. ‘जबाबदारीने खेळा’ हे वाक्य बोलणाऱ्याचा फायदा ते न पाळले जाण्यात आहे, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

भारताने मर्यादा न घालता बंदीचा मार्ग घेतला आहे. त्यामुळे परदेशी ॲपवर लपून खेळणाऱ्याला यातले कुठलेच संरक्षण नाही. रक्कम भरण्याची सीमा नाही, वेगावर बंधन नाही, जिंकलेले पैसे अडवले तर दाद मागायला जागा नाही, आणि आधार-पॅनचे फोटो कुणाच्या हाती गेले हेही कळत नाही. अशा ठिकाणी ‘जबाबदार बजेट’ शून्य रुपयांचे असते. व्यसनाच्या दृष्टीने शून्य पाळणे ‘थोडेसे’ पाळण्यापेक्षा सोपेही असते. शून्याला रोज नव्याने वाटाघाट करावी लागत नाही.

नाद कधी आजार होतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेने हा बदल २०१३ मध्येच केला. त्यांच्या यादीत नऊ लक्षणे आहेत : तोच आनंद मिळवण्यासाठी रक्कम वाढवत जावी लागणे, कमी करू पाहिले की चिडचिड, बेचैनी, सोडण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, डोक्यात सतत तोच विचार, मन उदास असताना खेळावेसे वाटणे, हरलेले वसूल करायला दुसऱ्या दिवशी परत येणे, खोटे बोलणे, नोकरी, शिक्षण, नाती धोक्यात येणे, आणि पैशांसाठी इतरांवर अवलंबून राहणे. वर्षभरात यांपैकी चार किंवा जास्त असतील तर निदान होते.

एवढी यादी लक्षात राहत नसेल तर दोन प्रश्न पुरतात. आणखी आणखी पैसे लावावेत अशी गरज कधी वाटली का? किती हरलो याविषयी जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली आहे.

दारूचा वास येतो, तोल जातो. जुगाराचे बाहेर काहीच दिसत नाही. घरच्यांना कळते ते वसुलीचे फोन सुरू झाल्यावर, मंगळसूत्र गहाण पडल्यावर किंवा मुलीच्या फीची ठेव मोडलेली आढळल्यावर. रात्री उशिरापर्यंत मोबाइल, झोप उडणे, पगार झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी उसने मागणे, खात्यातून छोट्या रकमा एकामागोमाग जाणे, कर्ज देणाऱ्या ॲपचे मेसेज, ही आधीची चिन्हे. जुगाराचा विकार असलेल्यांत आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटीने जास्त असतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. कर्ज उघडकीला येण्याचे दिवस विशेष नाजूक असतात. त्या दिवसांत घरच्यांनी आरडाओरडा, मारहाण, नातेवाइकांसमोर पंचायत टाळावी, माणसाला एकटे सोडू नये. ‘जीव नकोसा झालाय’ असे तो म्हणाला तर ती धमकी समजू नये. त्याच दिवशी मदत मिळवावी.

खरे बजेट घराचे

इथे पैशांचे नियोजन औषधाइतकेच महत्त्वाचे ठरते. पहिली पायरी म्हणजे सगळी कर्जे एका कागदावर. बँक, पतसंस्था, ॲप, मित्र, सोने तारण, कुणाचे किती आणि व्याज किती. अर्धी यादी लपवली तर उरलेले अर्धे फेडायला पुन्हा डाव मांडला जातो. दुसरी पायरी, काही महिन्यांसाठी पैशांचा कारभार घरातल्या विश्वासू माणसाकडे. पगाराचे खाते त्याच्या नजरेखाली, रोजच्या खर्चापुरतीच रक्कम हातात, कार्डाचा ऑनलाइन वापर बंद, यूपीआयची दैनंदिन मर्यादा कमी. हे संमतीने आणि मुदत ठरवून व्हावे. शिक्षा म्हणून लादले तर टिकत नाही.

तिसरी गोष्ट आईवडिलांना जड जाते. जमीन विकून किंवा भविष्यनिर्वाह निधी काढून सगळे कर्ज एका फटक्यात फेडणे हा उपाय नव्हे. उपचाराशिवाय कोरी झालेली पाटी पुन्हा भरते, कारण कर्ज मिळण्याची पत परत येते. धनकोंशी बोलून हप्ते बांधून घ्यावेत आणि शक्य असेल तितके ते त्या माणसाच्याच कमाईतून जावेत. चौथे, खेळायची वेळ रिकामी ठेवू नये. ज्या तासाला हात मोबाइलकडे जात असे, त्या तासाला चालणे, क्रिकेट, भजनी मंडळ, जे आवडेल ते ठरवून ठेवावे. ओढीची लाट बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढता आला की पुढची लाट थोडी लहान असते.

उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धती सर्वाधिक तपासलेली आहे. सोबत नैराश्य, चिंता किंवा दारूचे व्यसन असेल तर त्यावर औषधे द्यावी लागतात. ब्रिटनच्या जानेवारी २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, मानसोपचाराने पुरेसा फरक न पडल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नाल्ट्रेक्सोन या औषधाचा विचार करावा असे म्हटले आहे. मध्येच एखादा डाव खेळला गेला तर उपचार फुकट गेले असे समजू नये. मधुमेहात एखाद्या दिवशी साखर वाढते तसेच हे. दुसऱ्या दिवशी परत यावे.

‘खेळलो हे सांगितले तर पोलीस येतील’ या भीतीने अनेकजण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. केंद्राच्या नव्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ पुरवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि व्यवहार हाताळणाऱ्यांना. खेळणाऱ्यासाठी त्यात शिक्षा ठेवलेली नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे हा रुग्णाचा हक्क आहे. जिल्हा रुग्णालये आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. फोन खेळणाऱ्यानेच करावा असेही नाही. आई, बायको, मित्र, कुणीही करू शकतो, आणि तो कर्जाची यादी पूर्ण होईपर्यंत थांबवून ठेवण्याची गरज नाही.